हुतात्मा चौक : नाव आणि ऋण

'नाव ठेवणे' हा मराठीतला मोठा बिलंदर वाक्प्रचार आहे. बाळाचे नाव ठेवले जाते आणि शेजाऱ्याला नावे ठेवली जातात. फरक केवळ वचनाचा, पण पहिल्यात स्वीकार आहे आणि दुसऱ्यात दूषण. सार्वजनिक जागांच्या नामकरणाचा विचार करू लागले की या दोन क्रिया एकमेकींपासून फारशा दूर नाहीत, असे ध्यानात येते. एखाद्या चौकाला नवे नाव ठेवताना आपण बहुधा जुन्या नावाला नावे ठेवीत असतो. आणि जुन्याच नावाचा आग्रह धरणारे नव्या नावाला नावे ठेवीत असतात. या भांडणात ज्याच्या नावाने चौक ओळखला जायचा तो मनुष्य सहसा हयात नसतो. त्याला कुणी विचारीत नाही, आणि विचारणे शक्यही नसते. नामकरणाचा प्रश्न नैतिक होतो तो येथे. आपण मृतांचे काही देणे लागतो असे मानले, तर ते देणे चौकाला नाव देऊन फिटते काय? आणि नाव देण्याचा अधिकार कुणाचा: राज्यकर्त्याचा, नगरपालिकेचा, की त्या चौकातून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या जिभेचा?

हा प्रश्न हवेत सोडण्यापेक्षा एका विशिष्ट जागेवर उभे राहून विचारलेला बरा. मुंबईच्या कोट विभागातील हुतात्मा चौक ही त्यासाठी मला योग्य जागा वाटते. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकासाठी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील वाचकालाही तो सगळा ठाऊक असतोच असे नाही.

अठराव्या शतकात मुंबईच्या इंग्रजी वसाहतीभोवती तटबंदी होती. तिला तीन दरवाजे होते: दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बझार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च या तिसऱ्या दरवाजाच्या वाटेवर होते, म्हणून तो चर्चचा दरवाजा. १८६२ साली गव्हर्नरपदी आलेले सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत ही तटबंदी पाडण्यात आली. कापसाच्या व्यापारातून आलेला पैसा शहरात खेळत होता आणि तटाच्या आत त्याला जागा पुरत नव्हती. दरवाजा गेला आणि तो जेथे उभा होता त्या मोकळ्या झालेल्या जागेवर १८६९ साली एक कारंजे उभे राहिले. हे कारंजे मुळात या जागेसाठी नव्हतेच. पश्चिम भारतातील बागायतीला उत्तेजन देणाऱ्या एका सोसायटीने ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी योजले होते. एकूण खर्च ४७,००० रुपयांच्या घरात गेला आणि त्यातील २०,००० रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुकाराचा, मूर्तिकाम जेम्स फोर्सिथचे आणि दगड इंग्लंडातून आणलेला पोर्टलंडचा. या कारंज्याला आरंभी फ्रिअर साहेबांचे नाव द्यावयाचे होते. पुढे तो बेत बदलला आणि शिरोभागी उभ्या असलेल्या रोमन पुष्पदेवतेवरून ते 'फ्लोरा फाउंटन' झाले.

हा तपशील मी मुद्दाम थोडा रेंगाळून सांगितला. जुन्या नावाचा कैवार घेणारे 'मूळ नाव' असा शब्द फार सहजपणे वापरतात. या चौकाचे मूळ नाव कोणते? दरवाजाचे? गव्हर्नराचे राहून गेलेले? की ऐनवेळी ठरलेले देवतेचे? 'फ्लोरा फाउंटन' हे नाव तरी मुळाशी कितीसे होते? एका बागेसाठी घडवलेली वस्तू रस्त्यावर आली, एका माणसासाठी राखलेले नाव गळून पडले आणि जिचे एकही देऊळ या देशात नाही अशा एका देवतेचे नाव उरले. इतिहासात ज्याला आपण मूळ म्हणतो ते खणत गेले तर अनेकदा असा एखादा योगायोगच हाती लागतो. त्या योगायोगाला पुढे शंभर वर्षांच्या वापराने प्रतिष्ठा येते. ही प्रतिष्ठा खोटी नव्हे. परंतु तिचा उगम वापरात आहे, आरंभात नाही, हे स्पष्ट असलेले चांगले.

आता दुसरे नाव. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या उत्तरार्धात प्रसिद्ध झाला. भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व अन्यत्र मान्य करणाऱ्यांनी मराठी भाषकांचे एक राज्य मात्र मान्य केले नाही. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा विचार पुढे आला. त्याविरुद्ध २१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधानसभेकडे निघालेले मोर्चे फ्लोरा फाउंटनपाशी अडवले गेले आणि तेथे पोलिसांनी गोळीबार केला. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. त्यानंतरच्या आठवड्यात शहरात झालेल्या गोळीबारात याहून कितीतरी अधिक माणसे मेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली, त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्य आले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. राज्य झाल्यानंतर या चौकाला 'हुतात्मा चौक' हे नाव मिळाले आणि कारंज्याच्या शेजारी मशाल उंच धरलेल्या दोन आकृतींचे स्मारक उभे राहिले.

कारंजे हलवले गेले नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळात ते हलवणे अशक्य नव्हते. काही वर्षांतच, १९६५ साली, येथून हाकेच्या अंतरावर असलेला एडवर्ड राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा उचलून भायखळ्याच्या बागेत नेण्यात आला. (जी बाग कारंज्याला मिळाली नाही तिला घोडा मिळाला, असा हा व्यवहार.) फ्लोरा मात्र जागची हलली नाही. ती कुणा राज्यकर्त्याची प्रतिमा नव्हती, म्हणूनही असेल. परिणाम असा झाला की एका चौकात दोन नावे आणि दोन शिल्पे शेजारी शेजारी नांदू लागली. सरकारी कागदावर, वृत्तपत्रांत, सभेच्या जाहीर निवेदनात हुतात्मा चौक. आणि टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना 'फाउंटन'. तेही 'फ्लोरा' गाळून. देवता आधीच विसरली गेली होती. उरले ते पाणी, आणि पुष्कळ वर्षे तेही कोरडेच होते. दुरुस्तीनंतर २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा वाहू लागले.

लोक 'फाउंटन' म्हणतात म्हणून त्यांनी हुतात्म्यांना विसरून टाकले, असा आरोप करणारे लेखन मी वेळोवेळी वाचले आहे. हा आरोप नामविषयक चुकीच्या समजुतीवर उभा आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात विशेषनामे वस्तूचा केवळ निर्देश करतात, तिचे गुण सांगत नाहीत, असे प्रतिपादन केले. त्याचे उदाहरण इंग्लंडातील डार्टमथ या गावाचे आहे. डार्ट नदीच्या मुखाशी असल्यामुळे गावाला हे नाव पडले हे खरे. परंतु उद्या वाळूने ते मुख बुजले किंवा भूकंपाने नदीचा प्रवाह दूर गेला, तरी गावाचे नाव बदलण्याचे कारण नाही. नाव मिळण्यामागचे कारण हा नावाचा अर्थ नव्हे. मिलला मुंबईतच याहून सरस उदाहरण मिळाले असते. चर्च गेट पाडल्याला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. त्या दरवाजाची कमानही आज कुणाला दाखवता येणार नाही. आणि तरीही उपनगरांतून येणारी लक्षावधी माणसे रोज 'चर्चगेट'ला उतरतात. त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात चर्च नसते आणि गेटही नसते. काळ्या घोड्याचेही तेच झाले. पुतळा गेला, घोडा गेला, घोड्यावरचा राजपुत्र गेला. परंतु 'काळा घोडा' राहिला. इतका राहिला की २०१७ साली तेथे पुन्हा एक घोडा उभारण्यात आला, फक्त या वेळी पाठीवर स्वार नव्हता. वस्तूवरून नाव पडते हे आपल्याला माहीत होते. नावावरून वस्तू घडवावी लागली असा हा प्रकार विरळा.

आपल्याकडच्या शास्त्रकारांनी हा प्रश्न अधिक बारकाईने पाहिला होता. शब्दाचा अर्थ अवयवांवरून लागत असेल तर तो यौगिक, वापराने ठरत असेल तर रूढ आणि दोहोंचा मेळ असेल तर योगरूढ. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेले. पण चिखलात जन्मणाऱ्या बेडकाला कुणी पंकज म्हणत नाही. जेथे योग आणि रूढी यांत विरोध येतो तेथे रूढी बलवान, असा त्यांचा निर्णय आहे. 'चर्चगेट' हे एके काळी यौगिक होते, आता शुद्ध रूढ आहे. मग 'हुतात्मा चौक' याचे काय? आज तो शब्द ऐकताना अवयवार्थ मनात जागा होतो, म्हणजे तो योगरूढ आहे, असे म्हणता येईल. परंतु रूढीचा स्वभावच असा की ती योगाला हळूहळू गिळते. जितक्या अधिक वेळा 'हुतात्मा चौक' म्हणावे तितका 'हुतात्मा' या शब्दातला अर्थ बोथट होत जाणार. स्मरणासाठी ठेवलेले नाव सर्वतोमुखी व्हावे अशी आपली इच्छा असते, आणि सर्वतोमुखी झाल्यामुळेच ते स्मरण करून देण्याची शक्ती गमावते. उलट जे नाव समारंभापुरते उरते त्याची धार टिकते, कारण ते उच्चारताना जीभ क्षणभर थबकते. म्हणून लोकांनी 'फाउंटन' म्हणत राहणे ही 'हुतात्मा चौक' या नावाची अवहेलना आहे असे मला वाटत नाही. कदाचित त्यामुळेच ते दुसरे नाव झिजण्यापासून वाचले आहे.

पुण्यात याच्या उलट उदाहरण आहे. अप्पा बळवंत चौक हा साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावा लागत नाही. पाठ्यपुस्तकांपासून दुर्मिळ ग्रंथांपर्यंत सगळ्यासाठी त्याची पायपीट तिकडेच होते. पेशवाईतील सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांचे हे नाव. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ते 'एबीसी' झाले आहे. एका मराठी सरदाराचे नाव इंग्रजी मुळाक्षरांच्या पहिल्या तीन अक्षरांत जाऊन बसावे आणि तेही पुस्तकांच्या बाजारात, हा विनोद कुणी रचून केला असता तर आपण त्याला ओढूनताणून केलेला म्हटले असते. पण त्यातल्या मधल्या अक्षराकडे कुणी पाहत नाही. 'बळवंत' हे अप्पांच्या वडिलांचे नाव. बळवंतराव मेहेंदळे हे पानिपतच्या मोहिमेत रणांगणावर पडले. म्हणजे रणात देह ठेवलेल्या एका माणसाचे नाव गेली कित्येक पिढ्या पुण्याच्या भर वस्तीत दिवसातून हजारो वेळा उच्चारले जाते, आणि ते ऐकू येत नाही. ते पुसले गेलेले नाही, कुणी बदललेलेही नाही. अतिपरिचयाने ते आपल्या डोळ्यांआड गेले आहे.

येथपर्यंत मी नाव या गोष्टीकडे भाषेच्या बाजूने पाहिले. परंतु 'हुतात्मा' हा शब्द नुसता निर्देश करणारा नाही. तो एक निवाडा देतो, आणि म्हणून त्याची नैतिक तपासणी करणे अवश्य आहे. हा शब्द सावरकरांच्या शब्दनिर्मितीतून मराठीत रूढ झाला असे मानले जाते. 'हुत' म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने स्वतःची आहुती दिली तो हुतात्मा. ज्यांच्या जागी तो योजला गेला ते दोन शब्द, अरबीतून आलेला 'शहीद' आणि ग्रीकमधून युरोपीय भाषांत गेलेला 'मार्टर', दोघांचाही मूळ अर्थ 'साक्षीदार' असा आहे. हा फरक शब्दकोशापुरता नाही. साक्षीदार हा कशाची तरी साक्ष देतो आणि ती ऐकणारा कुणीतरी असावा लागतो. साक्ष ऐकून निर्णय करण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. आहुतीचे तसे नाही. ती अग्नीत पडली की यज्ञ पुढे चालतो. आहुतीला कुणी प्रश्न विचारीत नाही आणि तीही कुणाला विचारीत नाही. मृताला साक्षीदार म्हटले तर तो आपल्याशी अजून बोलतो आहे. आहुती म्हटले तर त्याचे कार्य पूर्ण झाले, फळ मिळाले, राज्य आले. मला स्वतःला या चौकातल्या मृतांच्या बाबतीत साक्षीदाराची कल्पना अधिक न्याय्य वाटते, जरी शब्द म्हणून 'हुतात्मा' हा मराठीत इतका भिनला आहे की त्याला पर्याय शोधणे निरर्थक होय.

आणखी एक अडचण आहे, आणि ती बोलून दाखवणे थोडे अवघड आहे. आहुती द्यायला इच्छा लागते. गोळीबारात मरणारा प्रत्येक मनुष्य मरण पत्करायला निघालेला नसतो. कुणी घोषणा देत पुढे जातो, कुणी गर्दीत सापडतो, कुणाला नुसते पलीकडच्या बाजूला जायचे असते. जमावावर झाडलेल्या गोळीला हा भेद कळत नाही. आपण सर्वांना एकच पदवी देतो तेव्हा गोळीने केलेली सरमिसळ आपणही एका परीने पुढे चालवतो, मात्र उलट हेतूने. अनिच्छेने मेलेल्या माणसाला इच्छेने मेला असे म्हणणे हा गौरव खरा, पण तो त्याच्या संमतीवाचून केलेला गौरव आहे. शिवाय त्यात एक धोका असा की मृत्यू जर आहुती असेल तर मारणारा केवळ निमित्तमात्र ठरतो. सरकारने आपल्याच नागरिकांवर गोळ्या चालवल्या, या घटनेतील अन्याय 'बलिदान' या उदात्त शब्दाच्या तेजात थोडासा दिसेनासा होतो.

याला एक उत्तर आहे आणि ते दुबळे नाही. समूहाच्या लढ्यात व्यक्तीच्या मनातील हेतूची झडती घेत बसणे अप्रस्तुत आहे. मरणाने त्या सर्वांना एका घटनेत बांधले आणि त्या घटनेतून जे निष्पन्न झाले त्याचे ते सर्वच जनक आहेत, असे हे उत्तर. मृतांमध्ये गिरणीत राबणारे आणि हातावर पोट असणारे पुष्कळ होते. ज्यांचे नाव एरवी कुठल्याही चौकाला मिळाले नसते अशांना समूहाने का होईना पण नाव मिळाले, ही गोष्ट मुंबईच्या नकाशात क्रांतिकारक म्हणावी अशी होती. तोवर त्या परिसरातले रस्ते आणि चौक गव्हर्नरांच्या नावाचे असत. स्वातंत्र्यानंतर ते नेत्यांच्या नावाचे झाले. हॉर्नबी रोड दादाभाई नौरोजींचा झाला, एस्प्लनेड रोड महात्मा गांधींचा झाला आणि चर्चगेट स्ट्रीट वीर नरिमनांची झाली. हे तिन्ही रस्ते या चौकात येऊन मिळतात. मोठ्या नावांच्या या त्रिवेणीवर मधोमध एक अनामिकांचा चौक असावा, यात एक औचित्य आहे.

नरिमनांच्या रस्त्याने पूर्वेकडे थोडे गेले की हॉर्निमन सर्कल लागते, आणि ते उदाहरण नामांतराच्या कडव्या विरोधकांनी व कडव्या समर्थकांनी सारखेच लक्षात घ्यावे असे आहे. पूर्वी हे एल्फिन्स्टन सर्कल होते. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नराचे नाव जाऊन तेथे जे आले तेही एका इंग्रजाचेच आहे. बेंजामिन गाय हॉर्निमन हे 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. १९१९ साली इंग्रज सरकारनेच त्यांना हिंदुस्थानातून हद्दपार केले होते. १९२६ साली ते परत आले आणि १९४८ साली वारले. येथे नामांतराचा निकष रक्त किंवा वंश नव्हता. कुणाच्या बाजूने उभा राहिला, हा होता. एल्फिन्स्टनवर मात्र यात थोडा अन्याय झाला असे म्हणणारे आहेत. पण सगळी नावे सगळ्या जागांना पुरत नाहीत. नामकरण ही न्यायाची कृती मानली तरी तो न्याय टंचाईतला आहे.

संमतीचा मुद्दा मी मघाशी काढला. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याच्या मंडईचे आहे. ही इमारत १८८६ साली उभी राहिली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने ती महात्मा फुले मंडई झाली. हेच अत्रे पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा बुलंद आवाज ठरले. गंमत अशी की नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी याच मंडईवर होऊ घातलेल्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळावा असे त्यांचे म्हणणे होते. ज्या वास्तूवर पैसा घालू नका असे ज्यांनी सांगितले, तिलाच त्यांचे नाव. काहींना यात विसंगती दिसते, काहींना काव्यात्म न्याय. मला असे वाटते की मृत माणसाला नाव देताना आपण त्याच्या मताशी सहसा व्यवहार करीतच नाही. आपण व्यवहार करतो तो आपल्या गरजेशी. १८८६ साली पुण्याला गव्हर्नराची मर्जी हवी होती, पुढच्या शतकात पुण्याला आपल्या एका थोर नागरिकाची केलेली उपेक्षा भरून काढायची होती. या दुसऱ्या गरजेची नैतिक प्रत पहिलीहून निःसंशय वरची आहे. तरीही ती गरज आपली होती, फुल्यांची नव्हे, एवढे ध्यानात ठेवले की नामांतराच्या समारंभातला अभिनिवेश थोडा ओसरतो.

मग नाव देणाऱ्याशिवाय पडलेली नावे अधिक निर्मळ म्हणावीत काय? दिल्लीच्या चांदणी चौकाकडे पाहावे. शाहजहानची कन्या जहाँआरा हिने १६५० च्या सुमारास हा बाजार वसवला. मध्ये कालव्याच्या पाण्याचे कुंड होते आणि त्यात चंद्रबिंब उतरत असे, म्हणून तो चांदणी चौक. मुळात हे नाव त्या एका चौकापुरते होते. पुढे ते सबंध रस्त्यावर पसरले. हे लक्षणेचे उदाहरण आहे, आपल्या काव्यशास्त्रातल्या गंगेवरच्या गवळवाड्यासारखे. इंग्रजी अमदानीत त्याच जागी घड्याळाचा मनोरा आला आणि चौक घंटाघर म्हणून ओळखला जाऊ लागला. १९५१ साली त्या मनोऱ्याचा भाग कोसळला व पुढे मनोराच राहिला नाही, पण घंटाघर हे नाव टिकले. याच घंटाघरापाशी ३० मार्च १९१९ रोजी स्वामी श्रद्धानंद सैनिकांच्या संगिनींसमोर छाती काढून उभे राहिले होते. आज टाऊन हॉलसमोर, जेथे एके काळी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता तेथे, त्यांचा पुतळा आहे. चौकाचे नाव मात्र त्यांचे झाले नाही. कुंड नाही, चंद्रबिंब नाही, घड्याळही नाही, तरी नावे तीच. (चांदणी चौक हे नाव पुढे पुण्याच्या वेशीवरही आले, जेथे कुंडाचा कधीच संबंध नव्हता. तेथला पूल वाहतुकीच्या सोयीसाठी २०२२ साली पाडला तेव्हा लोक चांदणी चौक पाडला असे म्हणत होते.)

दिल्लीचे हे नाव निर्मळ आहे, कारण ते कुणाचे काही देणे लागत नाही. सौंदर्याचे ऋण नसते. परंतु म्हणूनच ते आपल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. ज्या चौकात रक्त सांडले तेथे केवळ चांदण्याचे नाव ठेवून राहता येईल काय? दिल्लीने ते केले, मुंबईने केले नाही. मुंबईचा निर्णय मला योग्य वाटतो, आणि त्याचे कारण असे की त्या चौकात मेलेल्यांचे मारेकरी परके नव्हते. परकीय सत्तेच्या गोळीला बळी पडलेल्यांची आठवण राष्ट्र आपण होऊन ठेवते. ती त्याच्या सोयीची असते. आपल्याच निवडून दिलेल्या सरकारच्या गोळीला बळी पडलेल्यांची आठवण ठेवणे गैरसोयीचे असते. त्या गैरसोयीला नकाशावर कायमची जागा देणे, ही 'हुतात्मा चौक' या नावाची खरी कामगिरी होय. आज दरवर्षी २१ नोव्हेंबरला आणि १ मे रोजी सत्तेवर असणारे तेथे पुष्पचक्र वाहतात तेव्हा ते एका अर्थी सत्तेच्याच कृत्याची कबुली देत असतात. ती त्यांना त्या क्षणी जाणवते की नाही, हा भाग वेगळा.

ऋण या शब्दाचा आपल्या परंपरेतला अर्थ येथे उपयोगी पडतो. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही फेडून मोकळे होण्याची देणी मानली गेली असली तरी व्यवहारात ती दरवर्षी पुन्हा उभी राहतात. श्राद्ध एकदा करून संपत नाही. नाव हे ऋणाची फेड नसून ऋणपत्र आहे असे मी म्हणेन. ते लिहून दिल्याने देणे कमी होत नाही, नाकारता मात्र येत नाही. आणि ऋणपत्रात रक्कम लिहावी लागते. येथे एक जुना वाद अजून मिटलेला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्मे किती? घोषणांत आणि भाषणांत १०५ हा आकडा पिढ्यान्पिढ्या चालत आला. पुढे १०६ असे लिहिले जाऊ लागले. १०७ असेही मांडले गेले आहे. एकाने काय मोठा फरक पडतो, असे कुणी म्हणेल. पण तो एक म्हणजे एक घर, आणि त्या घरात दर नोव्हेंबरात किंवा जानेवारीत एक तारीख येत असणार. 'हुतात्मा चौक' या सामासिक शब्दाची रचनाच अशी की त्यात संख्या कळत नाही. समासात पूर्वपद एकवचनी आहे की अनेकवचनी हे दिसत नाही, आणि अनभिज्ञ माणसाला तो कुणा एका हुतात्म्याचा चौक वाटणे शक्य आहे. व्याकरणाच्या वर्गात विग्रह करायला लावला की विद्यार्थी 'हुतात्म्यांचा चौक' असे बरोबर सांगतात. त्यानंतर 'किती?' असे विचारले, की वर्गातून दोन किंवा तीन वेगवेगळी उत्तरे येतात.